घाटतळीहून लटारू, बेबीबाई, शोभा आणि सुरेश

चंद्रपुरात मला नावाने ओळखणारी माणसं कमी, आवाजाने ओळखणारी जास्त. परवा बाजारात मी "मेथी कशी दिली?" एवढंच विचारलं, तर भाजीवालीने मान वर केली. "तुमी रेडिओवाल्या बाई नं?" मी हो म्हटलं. तिने मला खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "असा चेहरा असन असं नवतं वाटलं बाप्पा." मी मेथी घेतली आणि घरी आले.

मग संपादकांचा फोन. "बाई, रेडिओच्या दिवसांतल्या गमतीजमती लिहा की दिवाळी अंकासाठी." गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की दर वेळी घाटतळीची बेबीबाईच समोर येऊन बसते, आणि तिची काही गंमत नाही. तिला बाजूला सारून लिहून पाहिलं, दोन कागद फाडले. शेवटी म्हटलं, बस बाई, तूच बस.

आमच्या जिल्ह्याच्या रेडिओ केंद्रावर मी निवेदिका होते. कायम नोकरी नव्हे. बोलावतील त्या दिवशी जायचं, कार्यक्रम करायचा, घरी यायचं. तरी त्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. लोकांना वाटतं, रेडिओवर बोलण्यात काय आहे, तोंड उघडायचं नि बोलायचं. अहो, त्या खोलीत बसून दाखवा आधी. दोन जाड दारं, भिंतींना भोकाभोकांचे पुठ्ठे, पंखा लावायचा नाही कारण त्याचा आवाज जातो. थंड हवेचं यंत्र होतं, ते बहुतेक वेळा बंद. चंद्रपूरचा मे महिना, पदराने घाम पुसत मी म्हणायची, "श्रोतेहो, प्रसन्न दुपारच्या शुभेच्छा!" समोर सरकत्या कळांचं टेबल. त्या कळेला फेडर म्हणतात. वर सरकवली की तुमचा आवाज जिल्हाभर, खाली ओढली की तुम्ही एकटेच. कळ वर आहे हे विसरून एका निवेदकाने बायकोला उद्देशून जे उद्गार काढले होते ते इथे लिहिता येणार नाहीत.

आमच्या मनोऱ्याचा आवाज फार लांब जात नसे. इकडे मूल, पोंभुर्णा. तिकडे राजुरा, गडचांदूर. वैनगंगेपलीकडे चामोर्शीच्या बाजूला कुठे उंचवट्यावर. भामरागडकडची माणसं चंद्रपूरला आली की केंद्रावर येऊन भांडायची, "आमच्याकडं काऊन नाई ऐकू येत जी?" मी म्हणायची, मधलं जंगल तुम्हीच सांभाळता, त्यालाच विचारा.

सगळ्यांत लाडका कार्यक्रम गुरुवारची फर्माईश. लोक पोस्टकार्डावर गाणं कळवत, आणि खाली घरच्यांची नावं. आधी गावाचं नाव घ्यायचं, मग माणसांची, थोरापासून लहानापर्यंत. खरं सांगायचं तर गाणं हे निमित्त. गाणं तर हॉटेलातही वाजायचं. लोकांना ऐकायचं असायचं ते आपल्या गावाचं नाव. एकाने कार्डावर सगळ्यांत वर 'राजा आणि परधान' लिहिलं होतं. मी आदराने वाचलं. पुढच्या आठवड्यात तो माणूस पेढे घेऊन आला, म्हणाला, "बैलं लई खूश झाले बाई." दुसऱ्या एका पोराने स्वतःच्या नावाशेजारी गावातल्याच एका मुलीचं नाव लिहिलं होतं. मला काय ठाऊक? दुसऱ्या दिवशी मुलीचा बाप काठी घेऊन फाटकात. पुढे त्या दोघांचं लग्न झालं आणि पत्रिका मलाही आली, ते सोडा.

पण या फर्माइशीची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. हा नियम केंद्राने केला नव्हता, लोकांनीच केला होता. घरात कुणी वारलं की पुढच्या कार्डावर ते नाव नसायचं. आणि ऐकणारे इतके पक्के, की पानठेल्यावर चर्चा व्हायची, "पाटलाच्या घरची फर्माईश झाली, बुढीचं नाव नाई आलं. गेली वाटते." लोक दुखवट्याला पोचायचे सुद्धा. नाव आलं म्हणजे माणूस आहे. नाव सुटलं म्हणजे गेलं.

बेबीबाई पहिल्यांदा आली ती अशीच एका दुपारी. पोंभुर्ण्याजवळ घाटतळी नावाचं गाव आहे, तिथल्या ढिवराची बायको. घरचा धंदा मासोळीचा, गावच्या तलावात. रिकामी टोपली शेजारी ठेवून ती स्वागतकक्षात खुर्ची सोडून खालीच बसली होती. मी बाहेर आले तशी उठली.

"बाई, माहा पोट्टा घरून गेला. रेडिओवर सांगान का?"

"पोलिसात कळवलं?"

"बुढा कळवू देत नाई. म्हणते, मेला तो माह्यासाठी."

मग तिने सगळं सांगितलं. नवरा लटारू, हाडाचा मासेमार. आयुष्यभर दुसऱ्याच्या जाळ्यावर राबून पहिल्यांदा स्वतःचं नायलॉनचं जाळं घेतलं होतं. ते पोरगा सुरेश याने बाजारात नेऊन विकलं आणि त्यातून रेडिओ आणला. गाण्याचा नाद, दुसरं काय! बापाने त्याला तलावाच्या पाळीवर, चार लोकांसमोर मारलं आणि म्हणाला, पुन्हा तोंड दाखवू नको. पोरगा अंगावरच्या कपड्यानिशी निघाला. काखेत रेडिओ तेवढा होता.

"कोणी म्हणते गडचांदूरच्या खदानीत हाये, कोणी म्हणते मिरची तोडायले आंध्रात गेला. त्याचा मामा गडचांदूरले जाऊन आला. ठेकेदार म्हणते, इथी पोट्टे येतेत नि जातेत, आमी कोणाकोणाचं नाव धेनात ठेवू?"

मला तिला सांगावं लागलं की पोलिसांच्या कागदाशिवाय हरवल्याची सूचना देता येत नाही. आणि खाजगी निरोप तर अजिबातच नाही. आमच्या जिल्ह्यांत ते जास्तच कडक होतं. जंगलातल्या नक्षलवाद्यांना कोण काय कळवील याची वरच्या लोकांना कायम धास्ती. ती ऐकत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. मला वाटलं आता रडणार. ती रडली नाही. म्हणाली, "गाण्याच्या टायमाले तं नावं घेता नं तुमी?"

"घेते."

"तवा कोणी इचारते का, तो घरी हाये का नाई म्हणून?"

 बाई अंगठेबहाद्दर, पण आमच्या साऱ्या नियमांना तिने एका प्रश्नात वळसा घातला होता. मी म्हटलं, "नाही विचारत." ती म्हणाली, "मंग झालं तं."

पुढच्या आठवड्यापासून कार्ड येऊ लागलं. मुलगी शोभा लिहायची, वहीतल्यासारखं गोल अक्षर. घाटतळीहून लटारू, बेबीबाई, शोभा आणि सुरेश. गाण्याची जागा कोरी. मी विचारलं तर म्हणे, "गाणं तुमच्या मर्जीचं लावा. नाव तेवढं बरोबर घ्या." मी घ्यायची. चौथं नाव जरा सावकाश घ्यायची. एवढं करणं माझ्या हातात होतं.

म्हणजे बघा, पोरगा घरात नाही, आणि दर गुरुवारी अख्ख्या जिल्ह्याला ऐकू जातंय की घाटतळीत लटारूच्या घरी चार माणसं बसली आहेत, गाणं ऐकतायत, आणि त्यांत सुरेशही आहे. गावातले लोक सुरुवातीला हसले. मग हसायचे थांबले. बेबीबाई मधूनमधून यायची, माझ्यासाठी सुकी मासोळी आणायची. नको म्हटलेलं तिला चालायचं नाही.

"ऐकत असेल का गं तो?" मी एकदा विचारलं.

"ऐकत असन. रेडिओसाठीच तं गेला."

"आणि लटारूभाऊ? ते काही म्हणत नाहीत, त्याचं नाव घेतलं की?"

ती हसली. पहिल्यांदाच हसताना बघितली मी तिला. "बोलत नाई. पन तुमच्या टायमाले शोभी शेजाऱ्याचा रेडिओ मांगून आणते, तो लावला का आंगणातून आत येऊन बसते. म्हणते, जाळं शिवतो. सुई हातात तशीच रायते. मागच्या गुरुवारी शोभीले म्हणे, कार्ड टाकलं का नाई? मी म्हटलं, तुमाले काय करा लागते? म्हणे, नाई, असंच इचारलं."

असं बरेच दिवस चाललं. पोराचा पत्ता नव्हता. पण चार नावं दर गुरुवारी एकत्र यायची, आणि का कोण जाणे, मलाही वाटायला लागलं होतं की हे असंच चालू राहिलं तर एक दिवस तो दारात उभा राहील.

मग फॉरमॅट बदलला.

हा शब्द मी त्याआधी क्वचितच ऐकला असेल, त्या बैठकीत मात्र कान किटेपर्यंत ऐकला. केंद्रावर नवे मोठे साहेब आले होते. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. हुशार, झटणारा. त्यांचं म्हणणं, कार्ड यायला चार दिवस, वाचायला दोन आठवडे, इतकं शिळं कोण ऐकणार? जमाना फोनचा आहे. श्रोत्याने फोन लावायचा, निवेदकाशी गप्पा मारायच्या, गाणं तिथल्या तिथे. दिवाळी झाली नि गुरुवारची फर्माईश फोनवर गेली. पोस्टकार्डांची थैली कपाटात.

मी हात वर केला. "साहेब, खेड्यात फोन कुठे आहेत? शेवटी दोन-चार कार्डं वाचत जाऊ."

"बाई, मिक्स नाही करता येत. फॉरमॅट म्हणजे फॉरमॅट."

आणि फोन आले की! खणखणायला लागले. कार्यक्रम तुफान चालला, ते कबूल केलं पाहिजे. पण फोन करणारे कोण? शहरातल्या कॉलन्या, सिमेंटच्या नि कोळशाच्या कंपन्यांची क्वार्टर्स, दुकानदार, वसतिगृहातली मुलं. तीच तीच पंधरा-वीस माणसं, लागोपाठ नंबर फिरवून बोटं दुखेपर्यंत. मूल तालुक्यातली, पोंभुर्ण्याकडची, नदीकाठची जी गावं मी वर्षानुवर्षं तोंडाने घेत होते, ती एकदम गप्प झाली. मला घरी जेवताना आठवायची. अरे, अमुक गावचं नाव किती दिवसांत घेतलं नाही.

गप्पा मारायला माझ्या जागी विक्की आला. मुलगा गुणी, पण साहेबांनी त्याला सांगितलं होतं, जरा लोकल टच दे. मग तो मधूनच "काऊन बे, कुठी चालला?" असं नाकात बोलायचा आणि मागे हसण्याची टेप वाजायची. माझा संताप व्हायचा. मी लागले तेव्हा तोंडून चुकून 'मले' निघालं तरी साहेब लोक कपाळाला आठ्या घालायचे. भाषा शुद्ध करता करता माझी जीभ झिजली, आणि आता तीच बोली विनोद म्हणून चालत होती. ती बोलणारी माणसं मात्र फोनच्या पलीकडे कुठेच नव्हती. मला त्यांनी काचेबाहेर फोन उचलायला बसवलं. फोन घ्यायचा, नाव-गाव विचारायचं, बरा वाटला तर आत जोडून द्यायचा.

बेबीबाई आली. मी तिला सगळं समजावलं.

"म्हंजे आता फोन लावा लागते?"

"हो."

"लावतो मंग." इतकंच म्हणाली.

त्या काळी घाटतळीत फोन नव्हता. गुरुवारी ती मासोळी घेऊन पोंभुर्ण्याला जायची, टोपली रिकामी झाली की एस्टीडीच्या दुकानात बसायची. नंबर तिला फिरवता येत नव्हता, दुकानदार फिरवून द्यायचा. लागायचा नाही. आमच्याकडे दोनच लाइनी, दोन्ही कायम बिझी. दुकानदार भला माणूस, इतर गिऱ्हाइकं सांभाळून पुन्हा पुन्हा फिरवायचा. कार्यक्रम संपला की ती उठायची. असं गुरुवारमागून गुरुवार. हे मला नंतर कळलं. तेव्हा काचेबाहेर बसून मी प्रत्येक फोन उचलताना तिच्याच आवाजाची वाट बघायची. मी इथे, ती तिथे, आणि मधली तार दुसऱ्याच कुणी अडवलेली.

होळी होऊन गेली, उन्हं तापली. एका गुरुवारी फोन उचलला.

"बाई, मी बेबी व."

घाईघाईने मी म्हटलं, "थांब. ठेवू नको. जोडते तुला." आणि जोडला. विक्की आत म्हणाला, "बोला ताई, कोण बोलताय, कुठून? तुमचा आवडता हिरो कोण?"

 मग ती बोलली. चार नावं नाही घेतली तिने. इतके दिवस जी बाई आमच्या रीतीने, आमच्या नियमात राहून वागली होती, तिच्याने त्या क्षणी राहवलं नाही. ती मोठ्याने ओरडली. लांबच्या माणसाला तलावाच्या पाळीवरून हाक मारतात ना, तशी.

"सुरेशाऽऽ! घरी ये रे बाबू! बुढ्यानं नवं जाळं आणलं—"

ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याने झडप घालून फेडर खाली ओढला. गाणं सुरू झालं. प्रसारण चालू असल्याचा लाल दिवा तसाच जळत होता. माझ्या कानाशी फोनमधून अजून तिचा आवाज येत होता. तिला माहीतच नव्हतं की तो आता कुठेच जात नाहीये. ती सांगत होती, शोभीचं लग्न ठरलं हाये, बुढा काई म्हणत नाई, तू ये. मी ऐकत राहिले. सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, "गेलं का बाई?"

मी म्हटलं, "गेलं गं. बरंच गेलं."

साहेबांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत. "उद्या वरून विचारणा झाली, हा सुरेश कोण, कुठे आहे, कोणासाठी निरोप होता, तर मी काय उत्तर देऊ?" त्यांचंही खरं होतं. मला फोनवरून काढून सकाळच्या बाजारभावांवर टाकलं. मी कापसाचे नि तांदळाचे भाव वाचू लागले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. फोनचाही जमाना गेला. संगणक आला. गाणी त्यात भरून ठेवायची, ती एकामागून एक वाजत राहायची, निवेदकाने मधे मोजकं बोलायचं. मग तेही नको झालं. दुपारचे बहुतेक कार्यक्रम छतावरच्या डिशमधून बाहेरून येऊ लागले, आम्ही फक्त आमच्या केंद्राचं नाव सांगायचं. शेवटी तेवढंही माझ्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवलं. मी घरी भाजी निवडत असायची आणि रेडिओवर मीच बोलत असायची. मग बोलावणं येईनासंच झालं. कुणी काढलं नाही, कुणी निरोपही दिला नाही.

मधे एकदा महाकालीच्या यात्रेत बेबीबाई भेटली होती. केस पांढरे झाले होते. मला तिला तोंड दाखवायचा संकोच वाटत होता, तिनेच हात धरला.

"बाई, आता तं कोणाचंच नाव घेत नाई का रेडिओवर?"

"नाही गं. कोणाचंच नाही."

"असं का," ती म्हणाली. "बरं झालं सांगतलं. मले वाटे आमच्या एकट्यांचंच राह्यलं."

अजूनही ती गुरुवारी रेडिओ लावायची. कुठलीतरी लांबची गाणी लागायची. लटारू आत येऊन बसायचा. सवय, म्हणाली.

गेल्या वर्षी, भाताची कापणी चालली होती तेव्हा, माझ्या दारात एक माणूस आला. केंद्राच्या चौकीदाराने घर दाखवलं म्हणाला. चाळिशीकडे झुकलेला, तळहात दगडासारखे, बोलण्यात अधूनमधून तेलुगू. मी "कोण हवंय?" असं विचारलं तशी त्याने मान वर केली. मग म्हणाला, "हौ, तुमीच त्या. आवाज तोच हाये."

"तुम्ही?"

"मी घाटतळीचा. चौथं नाव."

मी त्याला बसवलं. पाणी दिलं, चहा टाकला.  सुरेश खुर्चीच्या कडेवर बसून बोलत होता, माझ्याकडे न बघता.

तो गडचांदूरलाच होता. दगडाच्या खाणीवर, दुसऱ्या नावाने. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली रेडिओ लावायचा आणि नाव ऐकायचा. प्रत्येक वेळी. एकही चुकवलं नाही.

"मग गेला का नाहीस रे घरी?" मी ओरडलेच त्याच्यावर. एवढ्या वर्षांचं सगळं माझ्या तोंडून एकदम निघालं.

"जानारच होतो नं बाई. पैसे जमवत होतो. म्हटलं नवं जाळं घेऊनच जाईन, बुढ्यासमोर ठेवीन. नाव येऊन राह्यलं होतं, म्हणून घाई नवती. मले मालूम होतं, माय हाये, घर हाये, मले घरातच धरून हायेत." त्याने तळहात गुडघ्यांवर घासले. "मंग दिवाळीनंतर नाव आलंच नाई."

"फोन सुरू झाले होते रे. कार्डं बंद झाली होती."

"ते समजलं होतं मले. पन मी मायले ओळखत होतो. ते कायबी करून नाव लावीन, कोनाच्या पाया पडीन, पन लावीन. ते थांबनारी बाई नवती. शिमग्यापर्यंत ऐकलं. नाव आलं नाई, तवा समजलो, माय गेली. नाईतं ते राहतेच नाई."

खरं होतं. ती थांबणारी बाई नव्हती. ती पोंभुर्ण्याला फोनच्या दुकानात बसलेली होती. मी त्याला ते सांगितलं. उन्हाळ्यात एकदा फोन लागला होता, तिने तुझं नाव घेऊन हाक मारली होती, बापाने नवं जाळं आणलं म्हणून सांगत होती, हेही सांगितलं. सांगायला नको होतं की काय, मला अजून कळत नाही. त्याने विचारलं, "उनाळ्यात? कवा?" आणि मग स्वतःच म्हणाला, "मी तं शिमगा झाला का बोरच्या गाडीवर निंघून गेलो. कर्नाटकात. रेडिओ इकून टाकला. मायचं नावच येत नाई तं ठेवून करू काय?"

पुढची सगळी वर्षं तो बोअरवेलच्या गाडीबरोबर फिरला. आई नाही म्हणजे घर नाही, बापाने तर तोंड दाखवू नको म्हटलंच होतं. त्या वर्षी कुठल्याशा गावात त्याच गाडीवर पोंभुर्ण्याकडचा एक माणूस कामाला आला. गाव विचारलं, ओळख निघाली. तो म्हणाला, अरे, तुझी माय गेल्या पावसात वारली ना.

"मी म्हटलं, ते तं कवाचीच वारली. तो म्हणे, पागल हायेस का, गेल्या पावसात. तुझंच नाव घेत होती."

चहा निवला. दोघांपैकी कुणी प्यायलं नाही. तो घाटतळीला जाऊन आला होता. बाप आता तलावावर जात नाही, दिसत नाही फारसं. पोरगा समोर उभा राहिला तर हाताने चेहरा चाचपला आणि विचारलं, "जेवला का?" बस, तेवढंच. नवं जाळं आढ्याला टांगलेलं होतं, पाण्यात एकदाही न उतरलेलं.

उठताना तो दारात थांबला. "बाई, एक काम होतं. म्हनूनच आलतो."

"बोल ना."

"एकडाव नावं घ्या नं. पयले घेत होत्या तसे."

मी म्हटलं, "आता कुठे बाबा? कोण ऐकणार?"

"मी ऐकीन."

मी खुर्चीवर नीट बसले. घसा साफ केला. हसू नका, हात आपोआप पुढे गेला, कळ वर सरकवायला. आणि तोंडाशी आलेलं अडलं. इतकी वर्षं पाळलेली रीत होती. गेलेल्याचं नाव घेत नाहीत.

"सुरेश, तीनच नावं घेऊ ना?" मी हळूच विचारलं. "आईचं..."

तो पटकन म्हणाला, "नाई बाई. ते जिती होती तवा तिचं नाव नाई आलं, म्हणून मी मेली समजलो. आता तरी घ्या."

मी नावं घेतली. आधी गाव, मग माणसं, थोरापासून लहानापर्यंत. घाटतळीहून लटारू, बेबीबाई, शोभा आणि सुरेश. दुसरं नाव सावकाश घेतलं.